आंबट रस आणि सोनगीरचे तांबे

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने मुंबई-आग्रा रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. गावाच्या माथ्यावर एक टेकडी, टेकडीवर जुन्या किल्ल्याची पडझड झालेली तटबंदी, आणि पायथ्याशी वाढलेली बाजारपेठ. खानदेशाचे धनी बदलत गेले. फारुकी सुलतान गेले, मोगल आले, मोगलांनंतर मराठे आणि १८१८ साली इंग्रज आले. सोनगीरच्या किल्ल्याला या उलाढालींत काही काळ महत्त्व होते. पुढे ते ओसरले. परंतु गावाचे नाव किल्ल्यामुळे टिकले नाही, भांड्यांमुळे टिकले. १८८० साली मुंबई सरकारने खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले, त्यात सोनगीरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांची नोंद आहे. हंडे, कळशा, घागरी, तपेली, पराती, घंगाळी घडविणारे तांबट आणि कासार यांच्या हातोड्यांचा आवाज ही या गावाची ओळख होती. लेकीच्या लग्नात द्यायची भांडी सोनगीरची असावीत, अशी हौस खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या बाळगली गेली.

भांड्यांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा घडविणाऱ्याचा इतिहास लिहितो. त्या भांड्यात काय शिजले आणि शिजलेल्या पदार्थाने भांड्याशी कसा व्यवहार केला, हा इतिहास मात्र स्वयंपाकघरातच राहून जातो. या लेखाचा विषय तोच आहे. वनस्पतींच्या अंगी असलेली द्रव्ये आरोग्याला कशी तारतात आणि कशी मारतात, याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. अमुक फळात तमुक द्रव्य आहे, म्हणून ते खावे, असा त्या लिखाणाचा सूर असतो. त्यात भांडे कोठेच नसते. आपल्या आज्या-पणज्यांच्या हिशेबात मात्र ते होते.

तांब्याचा हंडा काळवंडला की तो कशाने घासतात, हे मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ आणि थोडी राख. हात फिरवला की तांबे लख्ख होते. येथे घडते ते असे. हवेने तांब्यावर चढलेला काळसर थर चिंचेतील आम्ल विरघळवून टाकते. जे पाणी आपण मोरीत ओतून देतो, त्यात तांबे उतरलेले असते. हीच चिंच जर त्याच भांड्यात आमटीसाठी उकळली, तर विरघळलेले तांबे मोरीत न जाता ताटात येईल. भांडे घासणाऱ्या बाईला हे सांगण्यास रसायनशास्त्रज्ञाची गरज नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर ते रोज घडत होते.

चिंचेच्या आंबटपणाचे मुख्य कारण टार्टारिक आम्ल. आपल्या खाण्यातील वनस्पतींपैकी या आम्लाचा एवढा साठा फार थोड्यांपाशी असतो. लिंबात सायट्रिक आम्ल, कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, कैरीत आणि अंबाडीच्या पाल्यात निरनिराळ्या आम्लांचे मिश्रण. ही द्रव्ये आपल्या देहाला फार उपयोगी पडतात. खानदेशाचे मुख्य अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी आणि ज्वारी-उडदाचा कळणा. या धान्यांत लोह आहे, पण त्यांच्यातच फायटेट नावाचे एक द्रव्य आहे, जे लोहाला घट्ट धरून ठेवते आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. भाकरीबरोबर काही आंबट खाल्ले, लिंबू पिळले, हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला, तर त्यातील आम्ले आणि क जीवनसत्त्व ही मिठी सैल करतात व लोह अंगी लागते. भाकरीसोबत ठेचा आणि अंबाडीची भाजी वाढणाऱ्या बाईने हे चवीसाठी केले असेल. पण चवीच्या वाटेने ती योग्य ठिकाणीच पोहोचली होती.

तोच आंबट रस उघड्या तांब्यात किंवा पितळेत पडला की कथा पालटते. मराठीत यासाठी एक नेमके क्रियापद आहे : कळकणे. ताक कळकले, आमटी कळकली, दही कळकले. पदार्थ हिरवट-निळसर दिसू लागतो, तोंडात धातूची तुरट, मळमळ आणणारी चव येते. असा पदार्थ खाल्ला तर पोटात कळ येते, ओकारी होते. कळकलेले अन्न टाकून द्यावे, हा नियम इतका पक्का होता की त्याचे कारण कोणी विचारत नसे. आंबट पदार्थ दगडीत, मातीच्या गाडग्यात किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवायचे. आणि तांब्यापितळेत शिजवायचेच झाले तर ते भांडे आतून कल्हई केलेले हवे.

कल्हई या शब्दामागे समुद्र ओलांडून आलेला इतिहास आहे. अरबीत कथलाला ‘कलई’ म्हणत, आणि मलाया द्वीपकल्पातील कलाह नावाच्या बंदरावरून हे नाव पडले, असे मानले जाते. पोर्तुगीजांनी तोच शब्द उचलून ‘कलाइं’ केला. आपल्या देशात कथील थोडेच; ते पूर्वेकडून जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावर उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर व खानदेशात येई. सोनगीरच्या तांबटाने घडविलेल्या तपेलीच्या आतला चंदेरी मुलामा असा दूर देशीचा होता. कल्हईवाला दारी येई, जमिनीत खड्डा करून भट्टी मांडी, भाता चालवी. तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि त्याचा उग्र दर्प गल्लीभर पसरे. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील क्षणात सगळीकडे फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे हजार अंशांच्याही वर. म्हणूनच हा खेळ साधतो. नवसागर पृष्ठभाग स्वच्छ करतो, कथील चिकटते. कथलावर चिंचेचा प्रभाव फारसा पडत नाही. मात्र काही महिन्यांत मुलामा झिजे आणि खाली तांब्याचा लाल डोळा दिसू लागे. तो दिसला की भांडे बाजूला ठेवायचे, ही गृहिणीची खूणगाठ.

कल्हईतही खोट असे, हे येथेच सांगितले पाहिजे. कथील महाग, शिसे स्वस्त. लबाड कारागीर कथलात शिसे मिसळी. शिशाचा मुलामाही तसाच चकाकतो. आणि आंबट रस शिसेही विरघळवतो. तांब्याने ओकारी तरी होते, शिसे मुकाट्याने अंगात साचते आणि लहान मुलांच्या बुद्धीला बाधा करते. चांगल्या कल्हईवाल्याची विचारपूस करून त्यालाच बोलावणारी घरे उगाच चोखंदळ नव्हती.

असे अनुभव आपल्याच देशात आले असे नाही. फ्रेडरिक अ‍ॅकम या लंडनवासी जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये अन्नातील भेसळीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि इंग्लंडात खळबळ उडवली. त्यात त्याने हिरव्यागार लोणच्यांविषयी बजावले होते. भाज्या व्हिनेगरमध्ये तांब्याच्या भांड्यात उकळल्या की त्यांचा रंग अगदी ताजा, पोपटी राहतो. त्या काळच्या पाकपुस्तकांतून तशी शिफारसही केलेली असे. पानांच्या हिरव्या रंगद्रव्यात, म्हणजे हरितद्रव्यात, मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. आम्लात तो निसटतो, आणि भाजी करपट पिवळी दिसते. तेथे तांबे येऊन बसले तर हिरवा रंग पक्का होतो. डोळ्यांना जी भाजी सर्वांत ताजी दिसे, तीच सर्वांत विषारी असे. आमच्या बायकांनी हिरवट पडलेले ताक ओतून दिले आणि इंग्रज गृहिणींनी हिरवे लोणचे कौतुकाने पानात वाढले, हा फरक मला मोठा बोलका वाटतो.

तांबे आणखी एक नुकसान करते, ते मात्र कोणालाच दिसत नाही. हंगेरीतील सेगेद येथे अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३० नंतरच्या दशकात तेथल्या ढोबळ्या लाल मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले; १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची ही मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली. खानदेशाने तिला असे आपले केले की ती परकी होती हे सांगूनही खरे वाटत नाही. या मिरचीतले, लिंबातले, पालेभाजीतले क जीवनसत्त्व तांब्याचा अंश लागताच झपाट्याने नष्ट होते. म्हणजे उघड्या तांब्यात शिजलेली भाजी दोन्हीकडून बुडवते : नको तो धातू देते आणि हवे ते जीवनसत्त्व नेते.

वांग्याचीही एक गोष्ट येथे सांगून टाकतो. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल नावाचे द्रव्य पुष्कळ असते आणि ते प्रकृतीला हितकर मानले जाते. नाव आम्ल असले तरी ते चिंचेसारखे आंबट नाही. लोखंडाच्या विळीवर चिरलेले वांगे काळे पडते, ते याच जातीच्या द्रव्यांमुळे. खानदेशात वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात आणि लाकडी भांड्यात लाकडानेच ठेचतात. भरीत पांढरे-हिरवे, देखणे राहते. लोखंडाचा अंश अन्नात गेला तर तो अपायकारक नाही, उलट उपकारकच. पण खानदेशी माणसाला भरीत काळे चालत नाही.

आता या इतिहासाच्या दुःखाच्या भागाकडे वळतो.

१८८७ साली कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका दुखण्याचे वर्णन केले. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुले. आधी किरकिर, भूक मंदावणे. मग पोट फुगू लागे, बरगडीखाली यकृत दगडासारखे कडक लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. एकाच आईची दोन-दोन, तीन-तीन मुले यात गेलेली घरे होती. भारतीय बालयकृतकाठिण्य या अर्थाच्या नावाने हा रोग जगाच्या वैद्यकग्रंथांत गेला, कारण तो भारताबाहेर जवळपास दिसतच नसे. तो अगदी गरिबांच्या झोपड्यांत कमी आणि गावाकडच्या मध्यम स्थितीतील घरांत अधिक आढळे, हे डॉक्टरांना कोड्यात टाकणारे होते. कुपोषण म्हणावे तर ही मुले खाऊनपिऊन होती. जवळजवळ शंभर वर्षे हे कोडे सुटले नाही.

ते सुटण्याची किल्ली पुण्यात सापडली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतांचा अभ्यास केला. निरोगी यकृतात वाळलेल्या वजनाच्या दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी तांबे असते. या मुलांत ते शेकड्यांनी, कधी हजारांनी मोजावे लागे. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडले की या तांब्याचा स्रोत दूध असावा. ज्या मुलांना लवकर वरचे दूध सुरू झाले, आणि ते दूध तांब्यापितळेच्या भांड्यात तापवले वा ठेवले जात होते, त्यांच्यात हा रोग अधिक दिसला. १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून त्यांनी तेच पुन्हा दाखवून दिले. गरिबाच्या घरी पितळी भांडे नव्हते आणि वरचे दूधही नव्हते. बाळ आईच्या अंगावर पीत होते. त्याचे दारिद्र्य या एका बाबतीत त्याच्या बाळाची ढाल झाले.

दुधाने भांड्यातून तांबे कसे घेतले? आम्लाने नव्हे. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला ओढून धरते. ताक कळकते तसे दूध कळकत नाही. ते हिरवे पडत नाही, नासत नाही. घरच्या कोणाला काही वावगे जाणवत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. स्वयंपाकघराचा नियम आंबटावर उभारलेला होता. चिंच, कैरी, कोकम, ताक यांच्यापुरता तो अचूक होता, कारण त्या पदार्थांनी स्वतःच आपल्या चवीतून आणि रंगातून धोक्याची सूचना दिली होती. वनस्पतींच्या आंबट द्रव्यांनी मोठ्या माणसांना सावध केले. दूध गोड, म्हणून ते नियमाबाहेर राहिले. आणि जे पिणारा होता त्याला बोलता येत नव्हते. शिवाय मोठ्यांचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्याच्या यकृताला ते अजून नीटसे जमत नाही.

या निष्कर्षावर आक्षेपही आले. त्याच भांड्यातले दूध प्यालेली असंख्य मुले धडधाकट वाढली, मग हीच का दगावली? काही रुग्णांच्या घरी पितळी भांड्यांचा वापर आढळला नाही, असेही काही डॉक्टरांनी नोंदवले. या शंकांना काही अंशी उत्तर मिळाले ते दूरच्या ऑस्ट्रियातून. पश्चिम ऑस्ट्रियातील टिरोल हा आल्प्सच्या कुशीतला, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक राहिलेला शेतकऱ्यांचा प्रदेश. तेथे १९०० ते १९७४ या काळात याच तऱ्हेच्या रोगाने १३८ अर्भके दगावल्याचे थॉमस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. तेथेही बाळांना गाईचे दूध पाणी-साखर घालून, कल्हई नसलेल्या तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात उकळून देत. त्यांच्या वंशावळी तपासल्यावर दिसले की आई आणि बाप या दोघांकडूनही एखादा दुबळा आनुवंशिक गुण आला असेल, अशाच बाळाला हा रोग जडे. भांडे आणि रक्त या दोहोंचा मेळ बसला की घात होई. एकाच घरातली भावंडे का जात, याचाही उलगडा त्यात होतो. टिरोलमधील त्या दऱ्यांत भांडी बदलली आणि रोग थांबला.

पुण्याच्या परिसरातही तेच घडले. डॉक्टरांनी गावोगाव सांगितले : बाळाचे दूध तांब्यापितळेत ठेवू नका. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम तोवर घरोघरी शिरलेच होते. १९९० च्या सुमारास जो रोग बालरोग विभागात सर्रास दिसे, तो दुर्मीळ झाला. जी मुले आधीच आजारी होती त्यांच्यापैकी लवकर आलेल्या काहींना, शरीरातून तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाने वाचवता आले. एक रोग असा जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याची वार्ता फारशी कोणाच्या कानी गेली नाही. आज तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातूनच ठाऊक असतो.

स्टीलने बाळे वाचवली, पण तांबटांचा धंदा बसवला. सोनगीरलाही ही झळ लागली. स्टीलला कल्हई लागत नाही, आमटी कळकत नाही, वजनाला हलके. गृहिणीने ते पत्करले यात तिचा काय दोष? कल्हईवाल्याची हाक शहरांतून तर गेलीच. सोनगीरच्या कारागिरांनी पाण्याचे हंडे, देवपूजेची व समारंभाची भांडी, शोभेच्या वस्तू यांवर निभाव धरला.

गेल्या काही वर्षांत तांबे पुन्हा आले आहे, आणि या वेळी आरोग्याचे नाव घेऊन. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे, हे जुने सांगणे प्रयोगातही टिकले : बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की दूषित पाणी सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवले तर त्यातील हगवणीचे जंतू मरतात, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. सोनगीरच्या हंड्याची ही थोरवी कोणी नाकारू नये. पण ते साधे पाणी होते. आता त्याच तांब्याच्या बाटलीत रात्री लिंबू पिळून ठेवतात, कोणी कोकमाचे सरबत भरून मुलाच्या दप्तरात देतात. लिंबू गुणकारी, तांबे गुणकारी, मग दोन्ही मिळून दुप्पट गुणकारी, असा हा हिशेब आहे. कोकमाच्या बाबतीत तर त्यातले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल वेगळे काढून वजन घटविण्याच्या गोळ्यांतून विकले जाते. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याच कुळातील मलबारी चिंचेतून ते १९६५ च्या सुमारास ओळखले, तेव्हा त्याचा बाजार असा होईल हे त्यांच्या मनातही नसेल. त्या फळाच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांतून आल्या आहेत. सोलकढीच्या वाटीने असे झाल्याचे मी वाचलेले नाही.

अमेरिकेच्या अन्न नियमावलीत कल्हईच्या जुन्या दंडकाशी जुळणारे एक कलम आहे : ज्या पदार्थाचा सामू सहाच्या खाली आहे, तो तांब्याच्या किंवा पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवू नये. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, चिंचेच्या कोळाचा तीनच्या जवळपास, ताकाचा साडेचार. हे सगळे त्या रेषेखाली येतात. दुधाचा सामू मात्र सहा पूर्णांक सहा-सात असतो.